सहा सेकंद

रेकॉर्डरवरचं लाल बटण एकदा दाबलं की दिवा लुकलुकतो, दुसऱ्यांदा दाबलं की स्थिर होतो. लुकलुकतोय म्हणजे यंत्र नुसतं तयारीत आहे. स्थिर झाला म्हणजे रेकॉर्डिंग चालू. हा फरक कळायला मला सत्तेचाळीस मिनिटं लागली.

समोर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर बसले होते. मुक्कामी गाडीच्या टपावर काढलेल्या रात्रींबद्दल सांगत होते. थंडीत कुणीतरी न बोलता घोंगडं आणून टाकायचं. एकदा पहाटे गाडी चालू होईना, तेव्हा अख्ख्या आळीनं धक्का मारला. त्यात दहावीच्या पेपरला निघालेल्या दोन पोरी होत्या आणि एकीनं हॉलतिकीट दातात धरलं होतं. हे मी आता आठवणीतून लिहितोय, कारण रेकॉर्डरमध्ये काहीच नव्हतं. चहा आला तेव्हा माझं लक्ष दिव्याकडे गेलं. बिचारा सत्तेचाळीस मिनिटं मला डोळा मारत होता.

"परत एकदा सांगाल का?" मी विचारलं. भला माणूस, लगेच तयार झाला. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "मुक्कामी गाडी असायची. लोक चांगले होते. सहकार्य करायचे." घोंगडं आलं नाही, पोरी आल्या नाहीत. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "ते मघाशी सांगितलं की." पहिल्या खेपेला माणूस आठवत असतो, दुसऱ्या खेपेला माहिती देतो. तो कार्यक्रम आम्ही लावला, पण मला आजही तो ऐकवत नाही.

ही चूक मी वर्षानुवर्षं चारचौघांत हसत हसत सांगत आलो. केंद्रावर नवीन मुलं आली की पहिल्या दिवशी हीच गोष्ट. हसण्यासारखी एखादी चूक सांगून टाकली की माणूस प्रामाणिक ठरतो, आणि मग बाकीच्यांबद्दल कुणी विचारत नाही. त्या बाकीच्यांपैकी एकीबद्दल आज लिहायचं आहे.

२०१५च्या उन्हाळ्यात मी आमच्या भागातल्या एका सामुदायिक रेडिओत आलो. त्याआधी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो. तासांचे पैसे वर्ष सरल्यावर मिळायचे, रेडिओचे महिन्याच्या महिन्याला, एवढा एकच हिशेब त्या निर्णयामागे होता. सरकारनं २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली सामाजिक संस्थांना असा रेडिओ चालवायला परवानगी दिली. ट्रान्समीटर ५० वॉटचा. घरातला साधा छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉटचा असतो, त्यावरून अंदाज करा. टॉवर ३० मीटरांहून उंच नाही. आमचा भाग सपाट, सगळा ऊस. त्यामुळे दहा-बारा किलोमीटरपर्यंत खणखणीत ऐकू जायचं, पुढे खरखर.

आम्हाला आमच्या बातम्या देता येत नाहीत. खासगी एफएमलाही नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. म्हणजे ग्रामसभेत काय ठरलं हे बातमी म्हणून सांगायचं नाही, पण त्याच ठरावावर गावातल्या बाईशी गप्पा मारल्या तर तो 'संवाद'. या फटीतून आम्ही जग आत घेत होतो. थकलेली पाणीपट्टी, बंद पडलेली मुक्कामी गाडी, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेल्या पोरांची शाळा, वरातीतला डॉल्बी. आमच्या आईच्या पिढीनं मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनींच्या तोंडून महागाईपासून पाहुण्यांपर्यंत सगळं ऐकलं. आम्हाला तेच करायचं होतं, फक्त लिहिलेल्या संवादांऐवजी खऱ्या माणसांच्या तोंडून. ऐकायला सोपं वाटतं.

आम्हाला शिकवायला आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांची उमेदीची वर्षं स्पूलच्या टेपवर गेलेली. कापायचं म्हणजे खरोखर कापायचं: टेप हातानं मागेपुढे फिरवून नेमकी जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, दाढीच्या ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि चिकटपट्टीनं दोन टोकं जोडायची. टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची. "एक सेकंद कापला की साडेसात इंच खाली पडते," गुरुजी म्हणायचे, "संध्याकाळी झाडलोट करताना दिसायचं, आज आपण लोकांचं किती बोलणं पायाखाली टाकलं."

आम्ही हसलो. आमच्यासमोर संगणक होता. पडद्यावर आवाजाची निळी नक्षी, नको तेवढा तुकडा माउसनं निवडायचा, डिलीट. खाली काही पडत नाही.

मी यात पटाईत झालो. एवढंच नव्हे, मला त्याची चटक लागली. 'अं' काढायचा, 'म्हणजे' काढायचा, 'काय म्हणतात त्याला' काढायचं. खाकरणं, श्वास, खुर्चीची कुरकुर. माणसं बोलताना किती थांबतात हे नक्षीवर दिसतं; दोन डोंगरांमध्ये सपाट रेष. ती सपाट रेष मला भातातल्या खड्यासारखी दाताखाली यायची. श्रोते सांगायचे, "तुमचा कार्यक्रम कसा घट्ट असतो, कंटाळा येत नाही." या 'घट्ट'वर मी काही वर्षं जगलो.

माझे प्रश्न कसे होते, तेही सांगतो. एकदा एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी आमच्या मुलाखतींचे उतारे हवे होते, म्हणून तिनं काही कार्यक्रम शब्दाला शब्द उतरवून काढले. कागदावर मला माझं तोंड पहिल्यांदा दिसलं. शाळा सुटलेल्या मुलीच्या आईला मी विचारलं होतं, "मग मुलीची शाळा बंद करताना तुम्हाला फार वाईट वाटलं असेल, पण परिस्थितीपुढे इलाज नसल्यामुळे तुम्हाला तसं करावं लागलं, बरोबर ना?" त्यावर त्या माउलीचं उत्तर: "हो." पुढचा प्रश्न चार ओळींचा. उत्तर: "होय की." पान भरून माझंच बोलणं, आणि मध्ये मध्ये एखादा होकार, कीर्तनात टाळ पडावा तसा. वर माझं ते "हं, हं, बरोबर" प्रत्येक वाक्याच्या शेपटावर. ते तर कापताही येत नाही, समोरच्याच्या शब्दाला चिकटलेलं असतं. यानंतर मी प्रश्न आखूड केले. पण कापणं कमी केलं नाही. चुका एकेक करून सुधारता येतात असा तेव्हा माझा समज होता.

४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्याच आठवड्यात शंभर वर्षं होत होती. कोरोनाच्या दोन लाटांत ऐन तिशी-चाळिशीतले पुरुष गेले होते आणि आमच्या पट्ट्यात गल्लीगल्लीत अशा घरी बसलेल्या बायका होत्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखा ठराव करायला सांगितलं. पत्रकार गाड्या भरून आले. आम्ही तर तिथलेच.

आमच्या केंद्रावर काम करणाऱ्या एका मुलीनं मला एका बाईंकडे नेलं. नाव, गाव सांगत नाही. एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. पुढचं सगळं लिहू का, असं त्यांना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "लिवा. कागदाला आवाज नसतोय." त्या असं का म्हणाल्या, ते पुढे येईलच.

पत्र्याचं घर, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्यावर न शिवलेले ब्लाउजपीस, प्रत्येकात मापाचा जुना ब्लाउज गुंडाळलेला. पती मे २०२१मध्ये गेले. बाई पस्तिशीच्या, दोन मुलं, सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेचे फॉर्म भरून झालेले. मी ताई म्हटलं, त्यांनी दादा म्हटलं. कोपऱ्यात सासूबाई सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मी माइक लावला, कानाला हेडफोन लावला आणि सूप कानात घुसलं. खस्स, खस्स. माइकला बाईंच्या आवाजापेक्षा ते जवळचं वाटत होतं.

मी म्हणालो, "आजी, जरा सूप थांबवता का? आवाज येतोय."

आजींनी सूप मांडीवर ठेवलं.

बावीस मिनिटांचा कार्यक्रम करायचा होता आणि मी तयारी करून गेलो होतो. १८५६चा विधवाविवाहाचा कायदा, १८६३ साली फुले दांपत्यानं पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी केलेला विवाह. हे सगळं मी निवेदनात वाचलं. घड्याळ लावून बघितलं तर ते चार मिनिटं भरलं. बाईंशी बोलणं चांगलं झालं. हळदीकुंकवाला बोलावणं येणं कसं थांबलं, गिऱ्हाइकाची लग्नाची साडी पिको-फॉलला आली तर ती बाई साडी हातात न देता दारातल्या खुर्चीवर ठेवून कशी जाते, हे त्यांनी न रडता सांगितलं. शेवटाकडे मी विचारलं, "तुमच्या गावात ठराव झाला तर तुम्ही कुंकू लावाल?"

त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "लावीन की." मग खाली बघून अगदी हळू: "पण आत्ती…" आणि तिथेच राहिल्या.

आमच्याकडे बऱ्याच घरांत सासूला आत्ती म्हणतात.

रात्री केंद्रावर बसलो. ती सपाट रेष पडद्यावर आली. सहा सेकंद. रेडिओवर सहा सेकंद म्हणजे लोक बॅटरी बघायला उठतात. निवडली, डिलीट. पुढचं "पण आत्ती" अस्पष्ट होतं, आणि अर्धवट वाक्य श्रोत्याला खटकतं हे मी इतरांना शिकवायचो. तेही गेलं. उरलं ते असं: "तुमच्या गावात ठराव झाला तर तुम्ही कुंकू लावाल?" "लावीन की."

हा 'की' आमच्या भाषेतलं भलतंच प्रकरण आहे. "येतो की" म्हणजे नक्की येतो, आणि "येतो की, काय करणार" यातही तोच. अर्थ शब्दात नसतो, आधीच्या श्वासात असतो. श्वास मी कापला होता. आता तो 'की' ठसक्यात वाजायला लागला. मी तो तीनदा ऐकला आणि खूश झालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर दहा-बारा किलोमीटरांतच भागलं असतं. पण लॉकडाउनपासून आम्ही कार्यक्रमांचे पॉडकास्टही टाकायला लागलो होतो. पॉडकास्टला नाव लागतं आणि ऐकणाऱ्यानं बोट थांबवावं असं नाव लागतं. मी दिलं: 'मी कुंकू लावणारच!' अवतरणचिन्हांसकट, उद्गारचिन्हासकट. 'णारच' हा प्रत्यय त्या बाईंनी संपूर्ण मुलाखतीत कुठेही वापरलेला नव्हता. मराठी शिकवलेला माणूस मी, अवतरणचिन्ह कशासाठी असतं हे मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं. वर चाळीस सेकंदांची क्लिप केली, शेवटी "लावीन की" आणि त्याच्यामागे हलगीचा एक ठोका. व्हॉट्सॲपवर सोडली.

पुण्याहून एका प्राध्यापिकेचा निरोप आला, 'किती धाडसी बाई!' दुबईतल्या एका वर्गमित्राचा फोन आला. मी ते सगळे निरोप केंद्राच्या गटावर टाकले. क्लिप किती जणांनी पुढे पाठवली हे बघण्यात एक अख्खा दिवस घालवला, हेही कबूल करतो.

काळजी घेतली नव्हती असं नाही. नाव बदललं होतं, गावाचा उल्लेख नव्हता. संमतीपत्रावर सही होती. ते पत्र सरकारी मराठीत होतं, 'सदर ध्वनिमुद्रण कोणत्याही माध्यमातून प्रसारित करण्यास माझी हरकत नाही' असलं. कोणतंही माध्यम म्हणजे शेजारणीच्या दिराचा मोबाइल, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं आणि मी तोंडानं सांगितलं नव्हतं. बाईंनी सही केली कारण मी पेन पुढे केलं होतं.

महिनाभरानं आमच्या केंद्रावरची तीच मुलगी म्हणाली, "सर, त्या ताईंकडे ब्लाउज टाकायला गेले होते. मशीन झाकून ठेवलंय."

मला वाटलं, आजारी असतील.

"नाही. काम येईना झालंय. गावात सगळ्यांना कळलं ना त्या कोण ते."

"नाव बदललं होतं की आपण."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती वीस वर्षांची होती आणि तिला ते समजत होतं, मला सात वर्षं रेडिओत काढून समजलं नव्हतं. शहरातल्या वर्तमानपत्रात नाव बदललं की माणूस लपतो. दहा किलोमीटरांच्या रेडिओवर नाव हा शेवटचा पुरावा असतो. तिथे माणसं एकमेकांना अंधारात, खोकण्यावरून ओळखतात. ज्या बाईनं गल्लीतल्या प्रत्येकीचं माप घेतलंय तिचा आवाज ओळखायला कुणाला किती वेळ लागणार?

आणि ओळखल्यावर त्यांनी ऐकलं काय? गावात वाक्य फिरत होतं: "वर्षश्राद्ध हून म्हैना न्हाई झाला आन् बाई कशी फटकन म्हणतीया, लावीन की." फटकन. तो शब्द मला आतपर्यंत लागला, कारण गाव चुकीचं ऐकत नव्हतं. त्या फटकन म्हणाल्याच होत्या, मी त्यांना तसं म्हणायला लावलं होतं. त्यांच्या घरी त्या फटकन बोलल्या नव्हत्या, माझ्या टेबलावर बोलल्या होत्या.

त्यांनी माझे फोन घेतले नाहीत. मी क्लिप काढून टाकली, पॉडकास्टचं नाव बदललं. लोकांच्या फोनमधून ती कशी काढणार?

परवान्याच्या नियमाप्रमाणे प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. मूळ न कापलेलं रेकॉर्डिंग जपण्याचं बंधन नाही. ते आम्ही सहसा पुसायचो, कार्ड मोकळं लागतं. हे पुसलं गेलं नव्हतं, त्याचं कारण निव्वळ आळस. जुलैच्या एका रात्री ते लावून बसलो. पहिल्यांदा, हेडफोन लावून, हात माउसपासून लांब ठेवून.

माझा प्रश्न संपतो. मग सहा सेकंद. त्यात काय नाही? कोंबडीचं क्वक्. लांबून दुधाच्या गाडीचा हॉर्न. पत्रा उन्हानं तडकतो तो बारीक आवाज. साडीची सळसळ, म्हणजे त्या कुणाकडे तरी वळल्या. मग एक आत घेतलेला श्वास, अडखळत, दोन टप्प्यांत. मग "लावीन की", शेवटचा स्वर उतरत जाणारा. मग "पण आत्ती…".

त्या खोलीत वळून बघण्यासारखं माणूस एकच होतं. कपाळ मोकळं, हातात बांगड्या नाहीत. मी हे मुलाखतीच्या दिवशी पाहिलं होतं. आत शिरताना नमस्कार केला तेव्हाच पाहिलं होतं. आमच्याकडे सत्तरीची बाई तशीच असते, तिच्याकडे कोण 'विषय' म्हणून बघतं? त्या कुणाच्या सासूबाई होत्या आणि त्यांचं सूप वाजत होतं, एवढंच माझ्या लेखी त्यांचं अस्तित्व. १८५६, १८६३, १८९३ मला पाठ होतं. त्या खोलीतल्या दुसऱ्या विधवेच्या बांगड्या कोणत्या साली फोडल्या हे मी विचारलं नव्हतं. उलट तिच्या हातातलं काम थांबवून तिला गप्प बसवलं होतं, आणि त्या गप्प बसलेल्या बाईकडे बघून तिच्या सुनेला सहा सेकंद उत्तर सुचलं नव्हतं.

साडेसात इंच गुणिले सहा. पंचेचाळीस इंच, पावणेचार फूट. गुरुजींच्या स्टुडिओत एवढी टेप पायात आली असती तर मी निदान अडखळलो असतो.

ती फाइल मोबाइलवर घेतली आणि गेलो. पाऊस जोरात होता. पंचगंगेचं पाणी चढत होतं, रस्त्यावर लोक पुलापाशी पाण्याची पातळी बघायला उभे. बाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत, नको असंही म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याच्या आत, चपलांजवळ बसलो. मशीनवर खरंच चादर होती.

माफी मागायला जी वाक्यं जुळवून नेली होती ती सगळी निवेदनासारखी निघाली. "आमच्याकडून संकलनात त्रुटी राहिली." मला माझाच आवाज ऐकू येत होता. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "नाव बदललंसा, दादा. आवाज कुठं बदललासा?"

मी म्हणालो, खुलासा लावतो. पुन्हा कार्यक्रम करतो, पूर्ण बोलणं ऐकवतो.

"परत लावू नगासा. ज्यांनी ऐकलं न्हाई ती बी ऐकत्याल."

(कामं दिवाळीच्या सुमारास हळूहळू परत यायला लागली असं पुढे कळलं. लोकांना ब्लाउज लागतातच. त्यात माझा काही हात नाही.)

मग मी सांगितलं की मी काय कापलं. त्यांना ते नीट कळेना. बोललेलं काढून टाकतात हे त्यांना ठाऊक होतं, पण न बोललेलंही काढतात याचं त्यांना नवल वाटलं. "ते कशापायी काडलासा? त्याला काय जागा लागती?" मी मोबाइल काढला, इअरफोन जोडला. त्यांनी एक टोक स्वतःच्या कानात घातलं. दुसरं हातात घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि सासूबाईंच्या कानात बसवलं. आजी नको नको म्हणाल्या, मग मान तिरकी करून स्थिर बसल्या. त्या दोघींचं बोलणं तीन आठवडे बंद होतं असं मला आधीच कळलं होतं. वायर आखूड होती, त्यामुळे दोघींना डोक्याला डोकं लावून बसावं लागलं.

मी थोडं आधीपासून लावलं. मला काही ऐकू येत नव्हतं, पत्र्यावर पाऊस कोसळत होता. फक्त मोबाइलच्या पडद्यावर सेकंद सरकताना दिसत होते. सपाट रेष आली.

आजी म्हणाल्या, "बंद पडलं व्हय?"

"न्हाई, आत्ती," सून म्हणाली. "मी गप हुते."

आजी काही बोलल्या नाहीत. रेष पुन्हा वर आली, छोटीशी, आणि लगेच त्याहून छोटी. ती 'पण आत्ती'ची असणार. सुनेनं पडद्याकडे बघितलं, आजींकडे बघितलं नाही. आजींचं बोट हवेत फिरलं, मागं घ्या, मागं घ्या. मी मागे नेलं, जरा जास्तच. आजींच्या कपाळावर आठी आली.

"ह्यो कोन बोलतोय? तुमी न्हवं?"

"होय, मीच."

"मला सूप ठेवाय लावलंसा."

"होय."

रेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. काढूनही उपयोग नव्हता, त्या पावसात काहीच आलं नसतं. आजींनी कानातलं काढून माझ्या तळहातावर ठेवलं, थोडी सरकून बसल्या आणि भिंतीला टेकवलेलं सूप मांडीवर ओढून घेतलं.